सापाच्या पेटीसाठी लाकूड निवडताना: वाचकांचे प्रश्न

आमच्या सुताराकडे देवदाराच्या जुन्या, जाड फळ्या आहेत. लाकूड टिकाऊ आहे, वासही छान येतो. बॉल पायथनच्या (आफ्रिकेतला लहान अजगर) पेटीसाठी चालतील का? (पुणे)

नाही. जो वास तुम्हाला छान वाटतो, तोच इथे नडतो. देवदार, सिडार, जुनिपर यांच्या लाकडात उडून जाणारी सुगंधी तेलं असतात. त्यांच्यामुळे कीड लांब राहते, म्हणून कपड्यांच्या कपाटाला ही लाकडं उत्तम. सापाची पेटी मात्र बंद असते आणि दिवसरात्र गरम असते. बॉल पायथनच्या उबदार बाजूला ३१ ते ३३ अंश सेल्सिअस लागतात. त्या उबेत तेलाची वाफ सतत सुटत राहते आणि जनावर चोवीस तास त्याच हवेत श्वास घेतं. सापाला आपल्यासारखं खोकून छाती मोकळी करता येत नाही. त्यामुळे श्वसनमार्गाला झालेला त्रास वाढत जाऊन संसर्गापर्यंत पोचू शकतो. तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, शिट्टीसारखा आवाज, नाकपुडीशी बुडबुडे ही त्याची लक्षणं. वरून पॉलिश मारलं तरी तेल आतच राहतं, एखादी चीर पडली की पुन्हा सुटतं.

एक सावधगिरी: वखारीत देवदार म्हणून कधी कधी साधं पाईनही मिळतं, तेव्हा नावावर जाऊ नका. लाकडाचा ताजा तुकडा काचेच्या बरणीत झाकण लावून दिवसभर उन्हात ठेवा आणि संध्याकाळी झाकण उघडून हुंगा. नाकाला झोंबणारा किंवा राळेचा उग्र वास आला तर ते लाकूड पेटीला घेऊ नका. भट्टीत वाळवलेलं पाईन बरंचसं निवळलेलं असतं, ते चारी बाजूंनी सील करून चौकटीला वापरता येतं. ओलं, चिकट, गाठींतून राळ पाझरणारं पाईन नको. पाईनचा भुसा अंथरूण म्हणूनही नको.

कायद्याचंही सांगायला हवं. बॉल पायथन साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात असल्यामुळे भारतात त्याची नोंदणी सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. त्यासाठीचे नियम २०२४ साली आले. नाग, धामण, अजगर, मांडूळ यांसारखे इथले साप वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत, ते घरी पाळणं गुन्हा आहे. त्यांच्या पेटीबद्दलच्या प्रश्नांना या सदरात उत्तर मिळणार नाही.

मुलीसाठी कॉर्न स्नेक (अमेरिकेतला बिनविषारी साप) आणला आहे. १२० × ६० × ६० सेंटिमीटरची पेटी घरीच करायची आहे. प्लायवूड घ्यावं, मेलामाईनचा गुळगुळीत थर लावलेला पार्टिकल बोर्ड की एमडीएफ (लाकडाच्या बारीक तंतूंचा दाबून केलेला बोर्ड)? मापंही द्यावीत. (लेस्टर, इंग्लंड)

तिन्हींत खरा फरक गोंदाचा आणि कडांचा आहे. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड सहसा युरिया फॉर्माल्डिहाइडच्या गोंदाने बांधलेले असतात आणि उष्णतेत त्यातून फॉर्माल्डिहाइड हळूहळू सुटतो. बाहेरच्या वापराच्या प्लायवूडमध्ये फिनॉलिक गोंद असतो, तो कितीतरी कमी वायू सोडतो आणि ओलाव्यालाही दाद देत नाही. (भारतात हेच प्लाय बीडब्ल्यूआर किंवा बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारं, अशा शिक्क्याने मिळतं. फक्त दमटपणा सोसणारं साधं एमआर प्लाय घेऊ नका.) मेलामाईन बोर्डाचा पृष्ठभाग पुसायला सोपा असतो आणि कॉर्न स्नेकला ४० ते ६० टक्के आर्द्रता पुरते, म्हणून इंग्लंडमधल्या अनेक तयार पेट्या त्याच्याच असतात. पण कापलेली कड उघडी राहिली तर पाण्याचं भांडं एकदा उलटलं तरी बोर्ड फुगतो, आणि फुगलेला बोर्ड पुन्हा बसत नाही. आमचं मत १८ मिमी बर्च प्लायच्या बाजूने आहे. महाग पडतं, पण एकदाच करावं लागतं.

२४४० × १२२० मिमीच्या एका तक्त्यात पुढचे तुकडे बसतात. तळ आणि छत प्रत्येकी १२०० × ६००. दोन बाजू प्रत्येकी ५६४ × ६००, कारण वर-खाली १८-१८ मिमी जातात. समोरची वरची पट्टी ११६४ × ८०, खालची ११६४ × १००. आधी १२०० च्या दोन फळ्या एका ओळीत कापा, उरलेल्या लांब पट्ट्यातून बाकीचे तुकडे निघतात. पाठीची फळीही १८ मिमीची करायला गेलात तर तक्ता पुरत नाही. ती वेगळ्या ६ मिमी प्लायची १२०० × ६०० कापून मागून स्क्रूने बसवा.

जोडताना जलरोधक पीव्हीए (पांढरा सुतारी) गोंद आणि दर १५ सेंटिमीटरला ४ × ४० मिमी स्क्रू वापरा. आधी ३ मिमीचं भोक पाडा, नाहीतर प्लायची कड फाटते. हवेसाठी साधारण ६० मिमीची दोन जाळीदार भोकं ठेवा: गरम बाजूला वर, गार बाजूला खाली पण अंथरुणाच्या पातळीच्या वर. गरम हवा वरून निघून जाते आणि खालून ताजी आत येते. दोन्ही भोकं एकाच उंचीवर पाडली तर हवा खेळत नाही.

फिनिशसाठी पाण्याचा बेस असलेलं पॉलियुरेथेन घ्या. आतून तीन हात द्या, दोन हातांमध्ये २२० नंबरचा पॉलिश पेपर हलका फिरवा आणि धूळ ओल्या कपड्याने पुसा. कडांना पाच हात लागतात, कारण तिथे लाकडाचे रेशे उघडे असतात आणि पहिले दोन हात ते पिऊनच टाकतात. लोक इथेच कंजुषी करतात आणि सहा महिन्यांनी कडा काळ्या पडतात. थिनरवर चालणारं पॉलिश आणि लाखेचं स्पिरिट पॉलिश आत नको. मग आतल्या सगळ्या सांध्यांवर मत्स्यालयाचं सिलिकॉन भरा. बाथरूमच्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असतं, ते नको. सांधे भरल्याचा आणखी एक फायदा: सापाच्या अंगावरच्या गोचिड्या अशाच फटींत अंडी घालतात.

समोर ४ मिमी टफन काचेची दोन सरकती दारं बसवा. वरचा रूळ खोल आणि खालचा उथळ असतो. काच आधी वर सरकवायची, मग खाली सोडायची. म्हणून रूळ बसवल्यावरच माप घ्या: वरच्या रुळाच्या खाचेच्या आतल्या टोकापासून खालच्या रुळाच्या खाचेच्या तळापर्यंतचं अंतर मोजा, त्यातून खालच्या रुळाची खोली आणि आणखी २ मिमी वजा करा. रुंदीला प्रत्येक काच ५९७ मिमी, म्हणजे मध्ये ३० मिमी एकावर एक येतं. त्या दोन काचांमधली फट पिल्लाला निसटायला पुरेशी असते. तिथे रबरी पट्टी आणि एक कुलूप हवंच.

सगळं झालं की दारं उघडी ठेवून दोन आठवडे थांबा. मग रिकामी पेटी बंद करून दोन-तीन दिवस पूर्ण तापमानावर चालवा आणि दार उघडून वास घ्या. काहीही जाणवलं तर पुन्हा उघडी ठेवा. मुलीला थांबणं कठीण जाईल, पण साप तोवर जुन्या पेटीत मजेत राहील.

हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई) लाकडी पेटीच्या खाली लावली तर? (सिंगापूर)

नको. लाकूड उष्णता अडवतं. आतला थर्मोस्टॅट ‘अजून हवी’ म्हणत राहतो आणि खाली मॅट भाजत जाते. यातून फळ्या करपलेल्या आहेत. लाकडी पेटीत उष्णता वरून द्यावी: छताला सिरॅमिक हीटर, पोर्सिलेनचा होल्डर, भोवती जाळी आणि पल्स थर्मोस्टॅट (वीज थोड्या थोड्या झटक्यांनी देऊन तापमान राखणारा). १२० सेंटिमीटरच्या पेटीला सहसा १०० वॅट पुरतात. जाळी नसेल तर साप हीटरला वेटोळं घालतो आणि भाजेपर्यंत सोडत नाही.

दुसरं म्हणजे, तुम्ही राहता तिथे घरी साप पाळण्याची परवानगी नाही. ही माहिती पेटीची आहे, परवान्याची नाही.

कारखान्यातून आलेले पॅलेट फुकट मिळत आहेत. वापरू का? (ठाणे)

पॅलेटवर गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह असलेला शिक्का शोधा. त्यात ‘एचटी’ असेल तर लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेलं आहे, ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे. एमबी सरळ परत करा. एचटी असलं तरी पॅलेटवर वाटेत काय सांडलं हे शिक्का सांगत नाही. डाग, तेल किंवा वास असेल तर सोडून द्या. हिरवट झाक असलेलं, बागेच्या कुंपणाला वापरतात तसं रसायन मुरवलेलं लाकूडही नको, त्यात तांब्याचे आणि जुन्या मालात आर्सेनिकचे क्षार असतात. प्लाय घेतानाही ‘वाळवी लागणार नाही’ ही हमी कशाने दिली आहे ते दुकानदाराला विचारा. उत्तर कीटकनाशक असेल तर आतून १ मिमी लॅमिनेट लावून कडा सिलिकॉनने पूर्ण बंद करा. लॅमिनेट फेविकॉलसारख्या पांढऱ्या गोंदाने दाबून चिकटवा. पटकन चिकटणाऱ्या रबर गोंदाला महिनाभर सॉल्व्हंटचा वास येत राहतो.

चढायला बागेतली फांदी ठेवता येईल का? (पुणे)

पेरूची फांदी सर्वांत चांगली: कठीण, सालीला गुळगुळीत आणि आडवीतिडवी वाढणारी. बांबूही चालतो, पण निसरडा असल्यामुळे त्याला सुतळी गुंडाळा. कण्हेर, रुई, शेर अशी चीक येणारी झाडं नकोत. फवारणी झालेल्या बागेतली फांदीही नको. छोटी फांदी ओव्हनमध्ये १२० अंशांवर तासभर ठेवा आणि तेवढा वेळ स्वयंपाकघरातच थांबा. मोठीवर उकळतं पाणी दोन-तीनदा ओता, मग कडक उन्हात आठवडाभर वाळवा. जाडी सापाच्या अंगाच्या जाडीइतकी किंवा थोडी जास्त. फांदी बाजूंच्या फळ्यांना स्क्रूने पक्की बसवा, कारण दीड किलोचा पायथन सैल फांदी हमखास पाडतो.