लग्न मोडलं की संसार?

निकालपत्रांचा अनुवाद करणाऱ्या एका वाचक ताईंचा प्रश्न: ‘इरिट्रीव्हेबल ब्रेकडाउन ऑफ मॅरेज’ला ‘लग्न कायमचं मोडलं’ म्हणावं की ‘विवाहाचं अपरिवर्तनीय विघटन’?

ताई, दोन्ही नको. मराठीत लग्न मोडतं ते अक्षता पडण्याआधी. देण्याघेण्यावरून बिनसलं, मुलाबद्दल भलतंच काही कानावर आलं, की ठरलेलं ‘लग्न मोडलं’. अक्षता पडल्यावर मोडतो तो संसार. आणि विघटन कचऱ्याचं होतं. शिवाय ‘अपरिवर्तनीय’ म्हणजे न बदलणारं. इथे अर्थ हवा पुन्हा न जुळणारं.

लग्न आणि संसार हा मराठीतला भेद कायद्यालाही छान लागू पडतो. संसार मोडतो घरात. विवाह मात्र न्यायालयाने संपवेपर्यंत कागदावर शाबूत. गंमत म्हणजे १९५५च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३मध्ये क्रूरता आहे, परित्याग आहे, पण ‘संसार उरलाच नाही’ हे कारण नाही. विधी आयोगाने १९७८मध्ये आणि पुन्हा २००९मध्ये ते घालायला सांगितलं, तरी आलं नाही. १ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं की राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२खाली (पूर्ण न्यायासाठी लागेल तो आदेश देण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा खास अधिकार) आम्ही या कारणावरून विवाह संपुष्टात आणू शकतो, मात्र तो पक्षकाराचा हक्क नाही. कुटुंब न्यायालयाला हा अधिकार नाहीच. त्यामुळे अनुवादात हे ‘कलम १३चं कारण’ असल्यासारखं वाचलं जाऊ नये, एवढं सांभाळा.

‘घटस्फोट’ शब्दाबद्दलही विचारलंत. तो मुळात नवराबायकोचा नव्हेच. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पतित माणसाला वाळीत टाकण्याचा विधी आहे: दासीने पाण्याने भरलेला घडा, मेलेल्या माणसासाठी करावं तसा, पायाने लवंडायचा. झालं, जिवंत माणूस नातलगांना मेला! हा घट फुटला तो आप्तांचा. बायकोला सोडण्याचे आपले देशी शब्द वेगळे होते: काडीमोड, सोडचिठ्ठी, फारकत. काडीमोडीत खरोखरच गवताची काडी मोडायची. फारकत मूळची फारसी वळणाची ‘फारखती’, म्हणजे देणं फिटल्याची, मोकळं केल्याची चिठ्ठी. सावकार आणि नवरा दोघांनाही एकच कागद पुरायचा. माझा अंदाज असा, की ज्या जातींत काडीमोड चालत नव्हती त्यांच्यापाशी त्यासाठी शब्दच नव्हता, म्हणून बहिष्काराचा जड शब्द उचलला गेला. रूढीने होणारी काडीमोड तर १९५५च्या कायद्यानेही कलम २९मध्ये राखून ठेवली आहे.

तुमच्या निकालपत्रातल्या वाक्यासाठी मी असं लिहीन: ‘उभयतांचा संसार सांधण्यापलीकडे मोडला आहे, सबब त्यांचा विवाह संपुष्टात आणण्यात येत आहे.’ ‘सबब’ला (इथे अर्थ ‘म्हणून’, बहाणा नव्हे) हात लावू नका, कोर्टाच्या मराठीत तो अजून टिकून आहे.