पावसाआधी कौलं, बुकिंग नंतर

यावेळी आलेले बरेचसे प्रश्न एकाच विषयाचे आहेत, गावचं जुनं घर राखायचंय आणि तिथे पाहुणेही ठेवायचेत. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते आणि आज हेच घेऊन बसते.

प्रश्न (नौपाडा, ठाणे): ताई, मुरबाडच्या पुढे माळशेजच्या रस्त्याला आमचं पणजोबांच्या वेळचं कौलारू घर आहे. पूर्वी घाट उतरून येणारे व्यापारी आमच्याकडे मुक्कामाला थांबायचे, पडवीत झोपायचे, पणजी त्यांना भाकरी करून घालायची. आता मी आणि भाऊ मिळून तिथल्या खोल्या पर्यटकांना देतो. दर पावसात घर गळतं, भिंतींचे पोपडे निघतात. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो कौलं काढून पत्रा टाका, भिंतींना सिमेंट प्लास्टर करा, कायमचा त्रास मिटेल. आमचं बुकिंग जुलै-ऑगस्टमध्येच सगळ्यात जास्त असतं, मग काम करायचं तरी कधी?

उत्तर: दादा, पत्रा टाकू नका. कौलांच्या फटींतून वारा खेळतो, त्यामुळे वासे भिजले तरी दोन दिवस उघडीप मिळाली की सुकतात. पत्र्याखाली मे महिन्यात खोली भाजून निघते आणि जुलैत आवाज इतका होतो की पाहुणा रात्रभर जागाच. आणि माणसं ठाण्या-मुंबईहून एवढ्या लांब त्या कौलांखाली झोपायलाच तर येतात ना.

गळतं कारण बहुतेक शाकारणी नीट होत नाहीये. हल्ली सगळीकडे असंच चाललंय, दोन माणसं वर चढतात, फुटलेली पाच-पंचवीस कौलं बदलतात आणि खाली उतरून पैसे मागतात. शाकारणी म्हणजे पट्ट्या-पट्ट्याने कौलं उतरवायची, एकेक हातात घेऊन शेवाळ घासायचं, बोटाने टिचकी मारून बघायची, खणखणीत वाजलं तर परत वर, बद्द आवाज आला तर समजायचं आत तडा आहे, ते बाजूला. कौलं उतरलेली असतानाच खालच्या रीपा, म्हणजे कौलं ज्यावर टेकतात त्या आडव्या लाकडी पट्ट्या, बघून घ्यायच्या, कारण कौल मागच्या नाकावर रीपेला अडकलेलं असतं, रीप कुजली की अख्खी ओळ खाली सरकते आणि आपण उगाच कौलांना दोष देत बसतो. आढ्यावरचे कोने, म्हणजे छपराच्या माथ्यावरची कौलं, तर नक्की बघा, ते चुन्यात बसवलेले असतात, तिथला चुना सुटला की पाणी थेट आत. माकडांचा वावर असेल तर हे काम दरवर्षी निघणार हे धरूनच चाला.

अजून एक, पाणी जिथे टपकतं तिथेच भोक असतं असं नाही, ते वाशावरून घरंगळत पार पलीकडच्या खोलीत पडतं. म्हणून एप्रिलमध्ये भर दुपारी माळ्यावर चढा, दिवा बंद करा आणि कवडसे कुठून येतात ते बघा. जिथे मोठा कवडसा पडतोय तिथल्या वाशावर खडूने खूण करा आणि मग माणूस वर चढवा. हे मालकाने स्वतः करायचं काम आहे, कॉन्ट्रॅक्टरवर सोडू नका.

नवीन कौलं घ्यायच्या आधी जुन्या कौलाची पाठ बघा, तिथे कारखान्याचा छाप असतो. वेगवेगळ्या कारखान्यांच्या मंगलोरी कौलांच्या खाचा एकमेकींत बरोबर बसतीलच असं नाही, दिसायला सारखी असतात पण मध्ये फट राहते. म्हणून नमुन्याचं एक कौल गाडीत टाका आणि जिथे जुने वाडे पाडून माल विकतात तिथे ते जुळवूनच घ्या. शंभर-दोनशे जास्तीची आणून पडवीत रचून ठेवा, भर पावसात कुठे शोधणार?

आता भिंती. तुमच्या भिंती दगड-मातीच्या, चुन्याच्या गिलाव्याच्या असणार. अशी भिंत जमिनीतली ओल थोडीफार ओढतेच आणि चुन्यातून ती बाहेर टाकते. त्यावर सिमेंट चढवलं की ओल आतच कोंडते, रेनकोट घालून चालल्यावर बाहेरून कोरडं आणि आतून घामाने चिंब होतं ना तसंच. मग ती ओल वर वर चढत जाते, खार फुटतो आणि दोन-तीन वर्षांत सिमेंटचे मोठे ढलपे आतली माती घेऊन सुटतात. आधीच कुठे सिमेंट मारलं असेल तर ते काढायला लावा. चुना विरवून निदान दोन-तीन आठवडे पाण्याखाली मुरू द्या, जुने गवंडी त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घालायचे, असा माहीतगार गवंडी मिळाला तर त्याला सोडू नका, त्याची रोजी दोनशे रुपये जास्त असली तरी द्या. आणि गिलाव्याच्या आधी घराभोवती एक फेरी मारा. वर्षानुवर्षं माती साचून अंगण जोत्याच्या बरोबरीला आलंय का? पागोळ्या जिथे पडतात तिथलं पाणी उडून भिंतीवर येतंय का? ती माती काढली, पागोळ्यांखाली हात-दीड हात रुंद खडीचा पट्टा टाकला आणि पाण्याला उतार दिला तरी अर्धी ओल तिथेच थांबते, आणि याला खर्च फारसा नाही.

काम कधी करायचं, हा खरा प्रश्न. चुन्याचं काम दिवाळीनंतर, कारण तेव्हा हवा कोरडी असते पण ऊन फार नसतं. मे मध्ये चुना फार भरभर वाळतो, तडे जातात. लाकडाचं काम थंडीत, वाळवीसाठी खांबांची बुडं तपासायची आणि लाकडाला तेल द्यायचं, आपल्याकडे काजूच्या टरफलांचं तेल पूर्वापार वापरतात, अंगाला लागलं तर भाजतं म्हणून हातमोजे घालूनच लावा. शाकारणी चैत्र-वैशाखात आणि मेच्या मध्यापर्यंत संपवायचीच, कारण वळवाची एखादी सर आली आणि घर उघडं असलं तर माजघरात चिखल होतो. या तारखा आधी वहीत लिहा आणि बुकिंग त्याच्या उरलेल्या जागेत घ्या. लग्नसराईत मे महिन्याचं बुकिंग सोडायला जिवावर येतं, कळतं मला, पण मे मध्ये घराला दिलेले दोन आठवडेच जुलै-ऑगस्ट तारून नेतात.

जुलैतसुद्धा सगळ्या खोल्या सलग भरू नका. एक पाहुणा गेला की खोली एक दिवस रिकामी ठेवा, खिडक्या उघडा, पंखा चालू ठेवा. दार बंद ठेवायची लाज वाटायचं कारण नाही. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये माथेरानला पोचला तेव्हापासून तिथला सीझन पाऊस टाळूनच बसत गेला, आणि १९०७ मध्ये सुरू झालेली तिथली छोटी आगगाडी आजही पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज धावत नाही.

प्रश्न (बेलापूर): गावच्या घरात गाद्या-चादरींना पावसाळ्यात कुबट वास येतो. पाहुणे नाक मुरडतात. रूम फ्रेशनर मारून बघितला.

उत्तर: फ्रेशनर बंद करा, कुबट वासात मोगरा मिसळला की जास्तच मळमळतं. जाड कापसाच्या गाद्या जूनमध्ये बांधून माळ्यावर ठेवा आणि पावसाळ्यापुरत्या काथ्याच्या वापरा. कपाटं आणि पलंग भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, मागून हवा जायला पाहिजे. चादरी शंभर टक्के सुकल्याशिवाय घडी करायची नाही, शेवटी इस्त्री फिरवायची. ऑक्टोबरचं ऊन पडलं की कापसाच्या गाद्या अंगणात काढा, वर्षभराचं काम त्या उन्हात होऊन जातं.

प्रश्न (ऐरोली): आमच्या शहापूरच्या घरी मागच्या पावसात पाहुण्यांच्या खोलीत साप निघाला. कोणाला काही झालं नाही पण आता भीती बसलीये. काय काळजी घ्यायची?

उत्तर: भीती ठेवा, पण तयारीसकट. आपल्या भागात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही विषारी साप आहेत. घरात झोपलेल्या माणसाच्या दृष्टीने मण्यार सगळ्यात वाईट, कारण ती रात्री फिरते, चावलेलं फार दुखत नाही, कधीकधी खूणही दिसत नाही आणि काही तासांनी पापण्या जड व्हायला लागतात, तोपर्यंत माणूस झोपलेलाच. म्हणून पावसाळ्यात एकाही पाहुण्याला जमिनीवर अंथरूण घालू नका, 'गावचा फील' वगैरे राहू दे. पलंग आणि मच्छरदाणी, आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचलेली. धान्य उघडं असलं की उंदीर येतात आणि त्यांच्या मागे साप, तेव्हा धान्य कोठीत. लाकडाचा ढीग भिंतीपासून लांब. दाराखालची फट बुजवा. प्रत्येक खोलीत टॉर्च, आणि बूट झटकून घालायचे हे पाहुण्यांना आल्या आल्या सांगायचं.

चावलाच तर दोरी घट्ट बांधणं, ब्लेडने कापणं, विष चोखणं यातलं काहीच करायचं नाही. माणसाला चालू द्यायचं नाही, हात किंवा पाय फळी लावून स्थिर ठेवायचा, अंगठी-पैंजण काढायचे आणि १०८ ला फोन करून किंवा स्वतःची गाडी काढून सरळ दवाखाना गाठायचा. कुठल्या सरकारी रुग्णालयात प्रतिविष ठेवलेलं असतं हे मे महिन्यातच जाऊन विचारून या आणि नंबर दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात लावा. घरात साप दिसला तर मारायचा नाही, गावातल्या सर्पमित्राचा नंबर त्याच कागदावर लिहा.

प्रश्न (कोपरी, ठाणे): काकू, पाहुण्यांना जेवणात काय द्यावं? पनीर आणि चायनीज ठेवलं नाही तर लोक येणार नाहीत असं मुलाचं म्हणणं आहे.

उत्तर: लेकाला सांगा, पनीर त्यांना घोडबंदर रोडवर पावलोपावली मिळतं. गावी आल्यावर त्यांना गावच्या पावसाची चव द्या. जूनच्या सुरुवातीला शेवळं येतात, पंधरा-वीस दिवस राहतात आणि गायब. कातकरी-ठाकर बायका बाजारात घेऊन बसतात, ठाण्यातही जांभळी नाक्याला दिसतात, आणि शेजारीच काकडांची आंबट हिरवी फळं ठेवलेली असतात, ती घेतल्याशिवाय शेवळं घ्यायची नाहीत कारण नुसती शेवळं घशाला खाजतात. वरचं पान सोलायचं, आतला पिवळा भाग काढून टाकायचा, बारीक चिरायचं आणि काकडांचा रस घालून वालाच्या डाळीत शिजवायचं, कोणी सोड्यांत, म्हणजे सुक्या कोळंबीत, करतात, तेही झकास. मात्र हे करायला जाणता हात हवा, शेजारच्या आजींना चार पैसे देऊन बोलवा, पाहुण्यांवर पहिला प्रयोग नको. मग टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोली, एकामागून एक येतंच राहतं. थंडीत वालाच्या शेंगा धरल्या की पोपटी लावा. मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, मग शेंगा, बटाटे, हवं तर मसाला लावलेली कोंबडी, वरून परत भांबुर्डा गच्च दाबायचा, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब घालायचा नाही, त्या पाल्याच्या वाफेवरच सगळं शिजतं. हे खायला माणसं पनवेलपर्यंत जातात, तुमच्या अंगणात का नाही येणार?

प्रश्न (वाशी): सासऱ्यांचं घर नाणेघाटाच्या पायथ्याच्या बाजूला आहे. तिथे आम्ही पाहुणे ठेवतो. एकाने सल्ला दिला की 'शिवकालीन वाडा' असा बोर्ड लावा, गर्दी वाढेल. पुरावा काहीच नाही. लावावा का?

उत्तर: अजिबात लावू नका. जे माहीत नाही ते महाराजांच्या नावावर खपवणं मला साफ चुकीचं वाटतं, आणि तुमच्या वाटेला गरजही नाही. तुमच्या डोक्यावरचा नाणेघाट सातवाहनांच्या वेळचा आहे, जुन्नरहून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे माल याच वाटेने उतरायचा. वरच्या लेण्यात नागणिका राणीचा ब्राह्मी शिलालेख आहे, पाण्याची टाकी आहेत, जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आहे. वाटसरूंना मुक्कामाला ठेवणं हे त्या वाटेवर दोन हजार वर्षं चाललंय, तुमचं घर त्यातलं अलीकडचं, एवढं खरं सांगितलं तरी पाहुणा कान टवकारतो.

घराचं वय शोधायचं असेल तर घरातच शोधा. कौलं मंगलोरी असतील तर ती १८६५ नंतरची, कारण बासेल मिशनने मंगलोरला कारखाना त्या साली काढला, अर्थात आधी गावठी नळ्यांचं किंवा गवताचं छप्पर असू शकतं, त्यामुळे घर त्याहून जुनं निघू शकतं. वाशांवर, तुळईवर सुताराच्या खुणा असतात. जुने फेरफार, घरपट्टीच्या पावत्या, जमाखर्चाच्या वह्या ट्रंकेत पडलेल्या असतात, त्यात कोण कधी मुक्कामाला होतं, काय देऊन गेलं हेही सापडतं. मेमध्ये छप्पर उघडेल तेव्हा आढ्याचे आणि कौलांच्या पाठीवरच्या छापांचे फोटो काढून ठेवा, नंतर वर्षभर ते दिसणार नाही. आणि सासऱ्यांना शेजारी बसवून वहीतली नावं वाचून दाखवा, ते बोलतील ते मोबाईलवर रेकॉर्ड करा. बोर्डवर काय लिहायचं ते त्यातूनच मिळेल.