मशीन त्यांचं आहे

परवा कॉलेज रोडच्या टपरीवर तू लॅपटॉप उघडून विचारलंस, "सर, शनिवारी रात्री सगळ्यांना एकदम नव्या व्हर्जनवर ढकलून मोकळी होऊ का?" मी नुसतं हं केलं आणि चहा संपवला. उत्तर तोंडाशी आलं होतं पण ते जरा मोठ्या आवाजात आलं असतं आणि शेजारी तुझ्याच कॉलेजची पोरं बसलेली, म्हणून गिळलं. आता लिहून देतो.

नको ढकलूस.

तुझी अडचण कळतेय मला. लोकांच्या रिकाम्या कॉम्प्युटरवर आपण अ‍ॅनिमेशनच्या फ्रेम रेंडर करून घेतो, म्हणजे थ्रीडी फाइलमधून एकेक चित्र काढून घेतो. निम्मी मशीनं जुन्या क्लायंटवर (त्यांच्या मशीनवर बसणारा आपला प्रोग्रॅम), निम्मी नव्यावर, अ‍ॅनिमेटर रोज विचारतात नवं ब्लेंडर, म्हणजे त्यांचं थ्रीडी सॉफ्टवेअर, कधी येणार, आणि सर्व्हर म्हणजे मी ठिगळं लावून लावून तुझ्या गळ्यात मारलेला जुगाड. पण बोलताना तू तीनदा "आपली मशीनं" म्हणालीस ना, तिथे खटकलं. आपली कुठली? आपला एक सर्व्हर, तोही भाड्याचा. बाकी मशीन त्यांचं आहे. सिडकोतला पोरगा गेम खेळून झाल्यावर ग्राफिक्स कार्ड आपल्याला देतो, त्याचं. सातपूरच्या वर्कशॉपमध्ये ड्रॉइंगसाठी घेतलेला पीसी रात्री मोकळा असतो, त्या मालकाचं.

एक हिशोब तुला पाठ आहे. सेकंदाला २४ फ्रेम, एक मिनिट म्हणजे १४४०, फ्रेमला दहा मिनिटं धरली तर एका मशीनला दहा दिवस न् दहा रात्री आणि वीस मशीनं मिळाली की अर्ध्या दिवसात काम खलास. दुसरा हिशोब मात्र कोणी करत नाही. २५० वॅटचं कार्ड रोज आठ तास चाललं की दोन युनिट, महिन्याचे साठ. घरचं मीटर नव्वदवर थांबणारं असेल तर आपल्यामुळे ते शंभरच्या वरच्या स्लॅबमध्ये जातं, आणि "एवढं बिल कशानं आलं रे" हे त्याची आई त्याला विचारते, आपल्याला नाही.

मी हे पुस्तकात वाचून सांगत नाहीये. पंचवटीत एक शाळामास्तर होते, आपल्या पहिल्या दहा मशीनांतले. त्यांना अ‍ॅनिमेशनमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पोरं काहीतरी करतायत म्हणून रात्रभर पीसी चालू ठेवायचे. एका मे महिन्यात मी तुझ्यासारखाच, रात्री दोनला, सक्तीचं अपडेट सोडलं. नवा क्लायंट प्रत्येक प्रोजेक्टचं टेक्सचर, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागाची चित्रं, उतरवून घ्यायचा आणि जुनं पुसायचंच नाही, माझीच चूक, पुसायची ओळ मी टेस्टिंगसाठी बंद केली होती आणि तशीच विसरलो. चार दिवसांत त्यांचा सी ड्राइव्ह भरला, मुलीचं कॉलेजचं सबमिशन सेव्ह होईना. त्यांनी ना फोन केला ना शिवी दिली. क्लायंट काढून टाकला. मला कळलं तीन आठवड्यांनी, तेही यादीत नाव दिसेना म्हणून.

हे नीट लक्षात घे. अ‍ॅनिमेटर ओरडतात, मशीनवाले गप निघून जातात. म्हणून ज्याचा आवाज येतो त्याच्यासाठी आपण सिस्टिम बनवत राहतो.

तर अपडेट कर, कोण नाही म्हणतंय, पण जुनं बंद न करता. ब्लेंडरनं ३.० मध्ये, डिसेंबर २०२१ ला, सायकल्समधून (त्याचा रेंडर करणारा भाग) ओपनसीएल, म्हणजे कार्डाकडून काम करून घ्यायची एक पद्धत, काढलं तेव्हा एएमडीची कितीतरी जुनी कार्डं जीपीयूवर, म्हणजे त्या कार्डावर, रेंडर करायला बाद झाली. त्या मालकांनी काय पाप केलं होतं? मी त्यांना जुन्या व्हर्जनचेच प्रोजेक्ट देत राहिलो, चांगली दोन वर्षं, आणि त्यापायी दोन-दोन शेड्युलर, म्हणजे कामं वाटणारे प्रोग्रॅम, सांभाळत बसलो, लोक म्हणाले हेकट आहे, एक अ‍ॅनिमेटर तर वैतागून पैसे देऊन बाहेर रेंडर करायला गेला. जाऊ दे. तू आज ज्या चाळीस मशीनांवर उभी आहेस त्यातली बरीचशी त्या वेळी टिकली म्हणून आहेत, असं मला वाटतं. कदाचित स्वतःचं समाधान करून घेतोय. पण वाटतं.

आणि एका शॉटच्या फ्रेम दोन व्हर्जनमध्ये वाटायच्या नाहीत, हे तर तुला माहितीच असणार. ४.० मध्ये वस्तूचा पृष्ठभाग कसा दिसेल ते ठरवणारा प्रिन्सिपल्ड शेडर बदललाय, निम्मा शॉट ३.६ वर आणि निम्मा ४ वर गेला तर कातडीचा, काचेचा रंग लुकलुकेल आणि तो बिचारा अ‍ॅनिमेटर लाइटिंगमध्ये चूक शोधत बसेल. व्हर्जन प्रोजेक्टला चिकटव, मशीनला नाही. कापड, पाणी, धूर आधी बेक करूनच, म्हणजे हालचालीचा हिशोब करून साठवूनच, घ्यायचं, कारण तिथे शंभरावी फ्रेम नव्व्याण्णवावर उभी असते, ती सुटी वाटता येत नाही. टेक्सचर फाइलमध्ये पॅक. हे अ‍ॅनिमेटरला दरडावून सांग, तिथे लाजू नकोस, दहा मिनिटं त्याची गेली तरी चालतील.

फाइलमधल्या पायथन स्क्रिप्ट आपोआप चालू द्यायच्या नाहीत. कोणी कितीही म्हणो की रिग, म्हणजे पात्र हलवायचा सांगाडा, त्याशिवाय हलत नाही. अनोळखी माणसाची स्क्रिप्ट मास्तरांच्या घरच्या पीसीवर, जिथे त्यांचे बँकेचे कागद असतील? मशीन त्यांचं आहे गं.

परग्रहावरचे सिग्नल शोधणाऱ्या सेटी@होमवाल्यांनी १९९९ पासून २०२० पर्यंत जगभरच्या घरगुती कॉम्प्युटरवर काम चालवलं, स्क्रीनसेव्हर म्हणून. माणूस उठून गेला की सुरू, परत येऊन माउस हलवला की गप. एवढी साधी अदब. तुझ्या नव्या क्लायंटमध्ये माउस हलल्यावर थांबायला किती सेकंद लागतात, मोजलेस? मी मोजले. अकरा. अकरा सेकंद माणूस स्वतःच्याच कॉम्प्युटरसमोर ताटकळतो.

टाइमआउट, म्हणजे फ्रेम परत यायची मुदत, तू चाळीस मिनिटांवर आणलास, त्यावर मात्र मी भांडणार. पावसाळ्यात लाइट जाते, लॅपटॉप मिटला जातो, जुनं मशीन रखडतं, म्हणून फ्रेम दुसऱ्याला दे, बरोबर आहे. पण पहिल्याची फ्रेम उशिरा का होईना आली तर त्याचे कामाचे पॉइंट कापायचे नाहीत. वीज जळली ना त्याची? फ्रेम तुला नको झाली हा तुझा प्रश्न.

तर शनिवारी रात्री काही करू नकोस. नवे प्रोजेक्ट घेणं थांबव, चालू फ्रेम संपू देत, दोन दिवस लागले तर लागू देत. डेटाबेसचा बॅकअप घेतलास म्हणालीस, तो दुसरीकडे उघडून बघितलास का? मी एकदा सहा महिने रिकाम्या फाइलचा बॅकअप घेत होतो, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. मग त्याच दहा फ्रेम जुन्यावर आणि नव्यावर रेंडर करून शेजारी शेजारी ठेव, पाच ओळखीच्या मशीनांवर आठवडाभर चालव, आणि बाकीच्यांना आधी विचार, सोमवारी दुपारी, रात्री दोनला नाही.

पाचातलं एक माझं घे. तेच जुनं, पंखा गिरणीसारखा वाजतो, पण चालू आहे.

ता.क. मास्तरांचा नंबर माझ्याकडे आहे अजून. गंगापूर रोडला एकदा समोरून येताना दिसले तेव्हा मी गाडी वळवली होती. तू लावून बघतेस का? माझं नाव नाही घेतलंस तरी चालेल.