इलेक्शनला उभी राहतेयस ना, मग आधी ह्युंदाईवाल्या म्हाताऱ्याचं ऐक

प्रिय पोरी,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. वर्कशॉप नीट चाललंय, ऑर्डरी आहेत, आता नगरपरिषदेला उभं राहायचं आणि मग "बघू कुठपर्यंत जाता येतं" म्हणतेस. मी अजिबात नको म्हणणार नाही. पण तू जे कारण लिहिलंयस ना, की दरवेळी यांच्या दारात जाऊन पाकिटं द्यायची त्यापेक्षा आपणच तिथं जाऊन बसू, तिथं मी थबकलो. नेमक्या ह्याच रागातून एक माणूस थेट दक्षिण कोरियाच्या राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला होता. चुंग जू-युंग. तळेगावचा जीएमचा (जनरल मोटर्सचा) जुना प्लान्ट घेतलेली ह्युंदाई आहे ना, तिचा मूळ पुरुष.

त्याची पहिली गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ असते. 1915 चा जन्म, शेतकऱ्याचं पोर, बापाचे गाय विकून आलेले 70 वॉन (तिकडचं चलन) उचलून घरातून पळाला, तांदळाच्या दुकानात राबला, 1947 ला बांधकाम कंपनी काढली, मग रस्ते, गाड्या, जहाजं. मोटिव्हेशनवाले इथंच थांबतात. तुझ्या कामाचं पुढं आहे.

तिकडे लष्करी राजवटीत मोठ्या उद्योगपतींना सरकारला "देणग्या" द्याव्याच लागायच्या. 1988 ला संसदेच्या चौकशीत त्याला टीव्हीसमोर बसवून विचारलं की बाबा दिलेस का, तर तो सरळ म्हणाला की सुखानं जगता यावं म्हणून दिले. पुढं 1991 मध्ये टॅक्सवाल्यांनी शेअर्सच्या व्यवहारावरून सुमारे 136 अब्ज वॉनची मागणी लावली, आणि म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. 1992 च्या सुरुवातीला त्यानं कोणत्या राष्ट्राध्यक्षांना पैसे दिले ते जाहीर सांगून टाकलं आणि स्वतःचा पक्ष काढला. मार्चमध्ये, म्हणजे पक्ष काढून तीन महिने पण झाले नव्हते, संसदेच्या निवडणुकीत 299 पैकी 31 जागा! आता सांग, ह्यानंतर कोणाची हवा डोक्यात जाणार नाही?

पण पक्ष कसला, कंपनीच होती ती. मेंबर गोळा करायला ह्युंदाईचे कर्मचारी, पैसा ह्युंदाईचा, शेवटचा शब्द साहेबांचा. घोषणा मात्र भारी होती, फ्लॅट निम्म्या किमतीत देतो म्हणाला, आणि घरं बांधण्यात हयात गेलेला माणूस बोलतोय म्हटल्यावर लोकांना ऐकावंसं वाटायचंच.

आता डिसेंबर बघ. मतदानाच्या आठवडाभर आधी बुसान शहरातल्या एका हॉटेलात, फुगणाऱ्या पफर माशाचं सूप मिळतं तिथं, माजी कायदामंत्री आणि शहरातले बडे सरकारी अधिकारी जेवायला जमले, आणि आपल्या भागातली मतं सत्ताधारी पक्षाचा उमेदवार किम यंग-सामच्या मागे कशी वळवायची त्याचं बोलणं चाललं होतं. चुंगच्या पक्षाच्या माणसांनी तिथं चोरून रेकॉर्डर लावला आणि टेप उघड केली. त्यांना वाटलं आता किम संपला. झालं उलटंच. "चोरून ऐकलं कसं?" हाच बोभाटा मोठा झाला, आणि त्या भागातली मतं चिडून किमच्याच मागे एकवटली. मला विचारशील तर अख्ख्या कहाणीत शिकण्यासारखी हीच जागा आहे. धंद्यात समोरच्याची चोरी पकडली की तू जिंकतेस, इथं लोक कोणाच्या बाजूने चिडतील ते तुझ्या हातात नसतं.

18 डिसेंबरला किम 42 टक्क्यांच्या आसपास, हा 16 वर, तिसरा. 38 लाखांवर मतं, कमी नाहीत, पण पुढच्याच वर्षी जहाजाच्या कंपनीचा पैसा प्रचारात वापरला म्हणून केस, तीन वर्षांची शिक्षा (वयाकडे बघून तुरुंगात टाकलं नाही, 1995 ला माफी मिळाली), पक्ष पाचोळ्यासारखा उडाला, आणि ह्युंदाईची सरकारी बँकेतली कर्जं अडकली. त्याचा त्रास ज्यांनी भोगला त्यांना कोणी विचारलं होतं का, की साहेब उभे राहू दे का?

आणि गंमत ऐक. त्याच्याच कंपनीतला ली म्युंग-बाक, 1965 ला नोकरीला लागलेला, पस्तिशीत बांधकाम कंपनीचा प्रमुख झालेला. 1992 ला त्यानं मालकाच्या पक्षात न जाता समोरच्यांचा पक्ष धरला. खासदार झाला, निवडणूक खर्चाच्या भानगडीत खासदारकी सोडावी लागली, मग 2002 ला राजधानी सोलचा महापौर. शहराच्या मधोमध उड्डाणपूल होता, तो पाडून खालचा ओढा परत उघडा केला, 2005 ला लोक तिथं पाय बुडवून बसायला लागले. 2007 ला राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जिंकला. मालक राहिला बाजूला, नोकर खुर्चीत बसला. पण त्याला डोक्यावर घेऊ नकोस, कारण 2020 ला त्याची 17 वर्षांची शिक्षा कायम झाली, लाच आणि अफरातफर, आणि केसचा गाभा काय होता माहितेय? गाड्यांचे पार्ट बनवणारी एक कंपनी, कागदावर दुसऱ्यांची, कोर्ट म्हणालं खरी ह्याचीच. 2022 च्या शेवटी माफी मिळाली म्हणून सुटला. तुझा धंदा पार्टचाच आहे, म्हणून एवढं लिहिलं.

तर उभी राहा, पण कंपनीचा एक रुपया नको, कंपनीची गाडी नको, आणि शॉप फ्लोरवरच्या एकाही पोराला "संध्याकाळी प्रचाराला ये" म्हणायचं नाही. तो नाही म्हणू शकत नाही, आणि नाही म्हणू न शकणाऱ्या माणसाच्या हो वरून तू गावाचा अंदाज काढत बसशील. सहीचे अधिकार कोणाकडे देणार ते अर्ज भरायच्या आधी ठरव, आणि नवऱ्याच्या किंवा भावाच्या नावावर टाकून मोकळं व्हायचा शॉर्टकट नको. आणि तो पाकिटांचा राग आहे तो खराच आहे गं, पण त्याच्यावर वॉर्डातली बाई मत देणार नाही, तिला नळाला पाणी किती वाजता येतं ते विचार.

रविवारी घरी ये. दोन वर्षांची ऑडिट केलेली बॅलन्सशीट आण आणि वॉर्डाची मतदार यादी पण आण, आधी यादी बघू.

तुझा,
काका