वाचकांचे प्रश्न: डोळ्यांसाठी नेमकी कुठली गोळी घेऊ?

प्रश्न: डॉक्टर, माझी आई ६८ वर्षांची आहे. तपासणीत कळलं की डोळ्याच्या पडद्याची झीज सुरू झालीय, ड्राय टाइप आहे म्हणाले, आणि डोळ्यांच्या गोळ्या सुरू करा एवढंच सांगितलं. ऑनलाइन बघायला गेले तर ढीगभर बाटल्या, कुणात ल्युटिन ५, कुणात २०, कुणात बीटा कॅरोटीन, डोकंच चालेना. त्यात बाबा म्हणतात आईला आणतेयस तर मलापण आण. त्यांची नजर चांगली आहे, पूर्वी सिगारेट ओढायचे, आता सोडलीय. काय घेऊ?

उत्तर: बाटली बघायच्या आधी रिपोर्ट बघा. त्यात लिहिलं नसेल तर सरळ डॉक्टरांना विचारा की झीज कुठल्या स्टेजला आहे, अर्ली, इंटरमीजिएट की अॅडव्हान्स्ड, कारण सगळं त्यावरच ठरतं. ह्या गोळ्यांचा जो पक्का पुरावा आहे तो अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटच्या एआरईडीएस ह्या अभ्यासातून आलाय. त्याचे निकाल २००१ मध्ये आले, आणि त्यात ज्यांची झीज मधल्या स्टेजला होती किंवा एका डोळ्यात खूप पुढे गेलेली होती, त्यांच्यात ती पुढे जायची शक्यता पाच वर्षांत साधारण २५ टक्क्यांनी कमी झाली. अर्ली स्टेजवाल्यांना असा फायदा दिसला नाही. शिवाय गेलेली नजर ह्या गोळ्यांनी परत येत नाही हे आईंना आधीच नीट सांगा, नाहीतर दोन महिन्यांनी फरक पडत नाही म्हणून त्या गोळ्या सोडून देतील. आपण वाचतो, चेहरे ओळखतो ते पडद्याच्या मधल्या भागानं, म्हणून तिथलं नुकसान लांबवता आलं तर ते खूप मोलाचं आहे.

आईंची स्टेज इंटरमीजिएट निघाली तर बाटलीच्या पुढचं नाव सोडा, मागचं बारीक अक्षर वाचा. दिवसाला व्हिटॅमिन सी ५०० मिलिग्रॅम, व्हिटॅमिन ई ४०० युनिट, झिंक ८० मिलिग्रॅम, कॉपर २, ल्युटिन १० आणि झियाझँथिन २ (ही दोन्ही भाज्यांत असणारी पिवळी रंगद्रव्यं), हा एआरईडीएस २ चा, म्हणजे त्याच अभ्यासाच्या दुसऱ्या फेरीचा फॉर्म्युला. झिंक २५ असलेला प्रकारही त्या अभ्यासात होता आणि त्यात फारसा फरक दिसला नाही, म्हणून ८० नी पोटात मळमळत असेल तर डॉक्टरांशी ह्यावर बोला. कॉपर कशाला, असं बरेच जण विचारतात, तर जास्त झिंक घेतलं की शरीरातलं कॉपर कमी होतं आणि त्यानं अॅनिमिया होऊ शकतो, म्हणून. आणि हे आकडे एका गोळीचे आहेत की दोन गोळ्यांचे ते बघाच, इथे फार जण फसतात. ल्युटिन २० आहे म्हणून दुप्पट फायदा, असं काही सिद्ध झालेलं नाही. आई आधीपासून मल्टिव्हिटॅमिन किंवा रक्त पातळ करायची गोळी घेत असतील तर दोन्हीची नावं डॉक्टरांना दाखवा, कारण व्हिटॅमिन ई इतक्या डोसमध्ये त्या औषधासोबत चालेल की नाही हे त्यांनीच ठरवायला हवं.

बाबांना मात्र देऊ नका. ज्यांचा पडदा चांगला आहे त्यांना ह्या गोळ्यांनी झीज टळते असं दिसलेलं नाही. आणि बीटा कॅरोटीनवाली (शरीरात ज्याचं व्हिटॅमिन ए बनतं ते) तर अजिबात नको, सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये त्यानं फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, सोडलेल्यांनाही ती देत नाहीत. म्हणूनच २०१३ मध्ये निकाल आलेल्या एआरईडीएस २ मध्ये, पहिल्या अभ्यासातल्या बीटा कॅरोटीनच्या जागी ल्युटिन आणि झियाझँथिन वापरून बघितलं. बाबांनी सिगारेट सोडली हे डोळ्यांसाठी कुठल्याही बाटलीपेक्षा मोठं काम केलंय, त्यांना माझ्याकडून सांगा. ताटात पालेभाजी, अंड्याचा बलक असू द्या, ल्युटिन त्यातही असतं.

अजून एक, आईंना चौकटीचा कागद घेऊन रोज एक डोळा झाकून बघायला सांगा, चष्मा लावून. रेषा वाकड्या दिसल्या किंवा मधे डाग दिसला तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा. झीज वेट टाइपची झाली, म्हणजे पडद्याखाली नको त्या रक्तवाहिन्या वाढून त्यातून पाणी किंवा रक्त झिरपू लागलं, तर डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागतं, तिथे गोळ्या पुरत नाहीत आणि उशीर महागात पडतो.

प्रश्न: मी २६ वर्षांचा, दिवसभर लॅपटॉपवर. डोळे जळजळतात, नंबर पण वाढतोय. फिश ऑइल आणि ल्युटिनच्या गमीज घेऊ का?

उत्तर: नंबर कुठल्याच गोळीनं कमी होत नाही, तो विचार सोडून द्या आणि नंबर वाढतोय तर नीट तपासून चष्मा बदला. जळजळ बहुतेक कोरडेपणाची असणार, स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या खूप कमी मिटतो. फिश ऑइलबद्दल बोलायचं तर २०१८ मध्ये ड्रीम नावाच्या अभ्यासात कोरड्या डोळ्यांच्या लोकांना वर्षभर रोज ३००० मिलिग्रॅम ओमेगा थ्री दिलं, दुसऱ्या गटाला ऑलिव्ह ऑइल, आणि दोघांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. तेव्हा आधी दर वीस मिनिटांनी वर बघा, लांबचं काहीतरी वीस सेकंद बघा, मुद्दाम पापण्या मिटा, पंख्याचा किंवा एसीचा झोत तोंडावर नको, आणि गरज पडली तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले लुब्रिकेटिंग ड्रॉप्स वापरा. तरी दोन-तीन आठवड्यांत बरं वाटलं नाही तर डोळे दाखवून घ्या.