कोल्हापुरातलं काव्यवाचन सगळ्यांचं व्हावं यासाठी काय करावं?

तुम्ही विचारलंय की, दर महिन्याच्या काव्यवाचनाच्या पत्रिकेवर ‘सर्वांचे स्वागत’ छापूनही दिव्यांग कवी, वस्तीतली मुलं, धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या बायका का येत नाहीत. मी जन्मापासून अंध आहे, राजारामपुरीत राहतो, वीस वर्षं कविता लिहितोय. जे सोसलंय त्यावरून सांगतो.

अडचण पत्रिकेपासूनच सुरू होते. ती व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून येते. माझा फोन टॉकबॅकवर मजकूर वाचून दाखवतो, पण चित्रातली अक्षरं त्याला बहुतेक वेळा लागत नाहीत. कवितांची पीडीएफ युनिकोड (फोनवर आपण मराठी टाइप करतो ती अक्षरपद्धत) नसलेल्या जुन्या फॉन्टात असली तर त्याहून वाईट. दिसायला मराठी, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, आणि फोन तेच बडबडत सुटतो. चित्राखाली तोच मजकूर युनिकोडमध्ये टाकायला दोन मिनिटं लागतात.

सभागृहात रॅम्प असतो, पण तो खुर्च्यांपर्यंतच. मंचाला चार पायऱ्या. व्हीलचेअरवरच्या माझ्या मैत्रिणीला खालूनच वाचायला सांगितलं, तेव्हा बाकीचे कवी वर बसले होते. ती पुन्हा कधी आली नाही.

माझी एकदा ओळख करून दिली, ‘डोळे नसतानाही’ अशी. मी उसाच्या फडावरची कविता वाचली. टाळ्या भरपूर पडल्या, कवितेबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. उलट, पुढच्या वेळी अंधारावर काहीतरी आणा म्हणाले. माझ्या दलित मित्राचंही तेच. एप्रिलमध्ये जयंतीला त्याची हमखास आठवण होते, पावसाच्या कवितांच्या मैफलीला कुणी त्याला बोलावत नाही. त्यानं पावसावर किती सुंदर लिहिलंय! कुणी काय लिहावं हे आयोजकानं ठरवून टाकलं, तर त्या बोलावण्याला मी स्वागत म्हणणार नाही.

आपल्या गावात राजर्षी शाहूंनी २६ जुलै १९०२ रोजी नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या, हे आपण अभिमानानं सांगतो. तुमच्या प्रश्नाला मात्र मला त्यांची दुसरी गोष्ट जवळची वाटते. गंगाराम कांबळे यांनी चहाचं हॉटेल काढलं, पण ‘अस्पृश्याच्या’ हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराज स्वतः तिथं जाऊन, सगळ्यांदेखत चहा पिऊ लागले. त्यांनी गंगारामांना वाड्यावर बोलावून चहा पाजला असता, तर हॉटेल चाललं नसतं.

तुम्हीही तसंच जा. पुढचं वाचन वस्तीतल्या समाजमंदिरात घ्या. संध्याकाळी सात ही वेळ बायकांच्या स्वयंपाकाची, त्यामुळे वेळ त्यांनाच विचारा. कर्णबधिर कवी, रसिक येणार असतील तर सांकेतिक भाषेच्या दुभाष्याला कविता चार दिवस आधी द्या. त्या भाषेचं व्याकरण मराठीहून वेगळं आहे, प्रतिमा ऐनवेळी उलगडत नाहीत. सूत्रसंचालन तिथल्याच कुणाकडे द्या, आणि तुमचं नाव पुकारलं जाईपर्यंत तुम्ही इतरांसारखे सतरंजीवर बसा.