हात गुंतलेले असू देत

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

कथेतली मुलगी कितीतरी वर्षांनी आईच्या दारात येऊन उभी राहिली आहे आणि तिथून पुढे वाक्यच सुचत नाही, असं तू लिहिलं आहेस. रोज पहाटे लॅपटॉपसमोर नुसता बसून राहतोस, हेही कळलं. तसं बसणं आता थांबव. ऊठ आणि घरातलं एखादं काम हातात घे. मन रमवायला म्हणून नव्हे, लिहिण्याचाच एक भाग म्हणून सांगते आहे.

पण काम नीट निवड. बिरड्यासाठी वाल सोलायला घेतलेस तर फारच उत्तम. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकले की चिमटीत धरताच साल सुटते. हात आपापले चालत राहतात आणि डोकं मोकळं राहतं. भांडी घासणं, मेथी निवडणं, कपड्यांच्या घड्या घालणं, सगळी त्याच जातीची कामं. फोडणी मात्र नको, लक्ष हटलं की मोहरी जळते. कपाट आवरायलाही बसू नकोस. तिथे प्रत्येक वस्तू हातात घेऊन ठेवायची की टाकायची ते ठरवावं लागतं, आणि एखादा जुना फोटो सापडला की दुपार गेलीच. कानात काही घालू नकोस. दुसऱ्याची गोष्ट ऐकत भांडी घासलीस तर तुझ्या गोष्टीला जागा कुठे उरणार?

आणि कोऱ्या मनाने मोरीत जाऊ नकोस. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या मानसशास्त्रज्ञांचा 2012 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. विटेसारख्या साध्या वस्तूचे आगळेवेगळे उपयोग सुचवायचे, मध्ये थोडा वेळ जाऊ द्यायचा आणि मग पुन्हा सुचवायचे. मधल्या वेळात ज्यांना अगदी सोपं काम दिलं होतं त्यांना नंतर जास्त सुचलं. अवघड काम करणारे मागे राहिले, नुसते बसून राहिलेलेही. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: हा फायदा आधी विचार करून झालेल्या वस्तूंपुरताच होता, नव्या वस्तूंना तो लागू पडला नाही. म्हणून आधी अर्धा तास त्या प्रसंगाशी झगड आणि कागदावर एकच प्रश्न लिही. ‘पुढे काय होतं’ हा प्रश्न फार मोठा आहे. ‘ती बेल का वाजवत नाही’ एवढा पुरे. तो घेऊन भांड्यांकडे जा.

आपल्याकडे हे नवं नाही. गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या दळतानाच रचल्या आणि गायल्या गेल्या. पण त्याचं नुसतं कौतुक करून मला पुढे जाता येत नाही. त्या बायांना दळणातून सुटका नव्हती आणि बहुतेकींच्या हाती लेखणीही नव्हती. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरात-शेतात राबताना त्यांना सुचलेली गाणी त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी टिपून ठेवली, म्हणून 1952 साली, त्या गेल्यानंतर, ती पुस्तकात आली. न टिपलेली किती विरली असतील, या विचाराने मला आजही हळहळ वाटते.

तुझ्याजवळ कागद आहे. ओट्याजवळ एक वही आणि पेन्सिल ठेव. फोन नको, ओल्या हातांनी तो उघडशील आणि भलतंच वाचत बसशील. काही सुचलं की दोन-चार शब्द टिपून ठेव आणि परत कामाला लाग. वाक्य सुचलं म्हणून अर्धी भांडी तशीच टाकून पळू नकोस, ती मग आईलाच घासावी लागतील. शिवाय पहिल्या वाक्यामागून दुसरं बहुधा येतंच, त्याला थोडा वेळ दे. हात पुसलेस की मात्र थेट टेबलाशी जा. मध्ये चहासुद्धा नको.

असं काही दिवस करूनही मुलगी दारातून हललीच नाही, तर बिघाड दारात नसून आधीच कुठेतरी आहे असं समज. माझा अंदाज, ती आईकडे का निघाली हेच तू अजून पक्कं केलेलं नाहीस. तसं वाटलं तर त्याआधीची दोन पानं मला पाठव, आपण तिथून बघू.

तुझी,
ताई